काच शाबूत आहे

अन्याय झाला तो चंद्रकलाबाई कासारणीवर आणि त्यांच्या भिंतीपलीकडच्या अजीजभाई फ्रेमवाल्यांवर. गेल्या भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी पावणेबारा वाजता, लातूरच्या जुन्या चुना गल्लीत. घरदुरुस्तीचं अनुदान द्यायचं की नाही हे ठरवायला आलेला साहेब दारातून आत आला, भिंतीकडं तीनदा बघितलं, कागदावर तीन शब्द लिहिले आणि मोटारसायकलीला किक मारून निघून गेला. चुलीवरचा चहा उतू जायच्या आत दोन घरांचा निकाल लागला. ते तीन शब्द या मजकुराच्या डोक्यावर छापलेत. खालचं सगळं बोलणं चंद्रकलाबाईंचं. त्यांच्या घरात बसून, भिंतीकडं तोंड करून ऐकलेलं. त्या भिंतीकडं पाठ करून त्या कुणालाच बसू देत नाहीत.

लिही. पण आधी हिकडं सरक लेकरा, त्या दाराच्या चौकटीला टेक, भिंतीला नको टेकू. हां, असं. आता तिच्याकडं बघत बस, मी बी तिच्याकडंच बघून बोलते, सवय पडली, माणसाकडं बघून बोलायचं मी विसरूनच गेले की काय असं पोरगी म्हणते माझी.

माझं माहेर किल्लारीच्या अलीकडं, दोन कोसावर. गावाचं नाव नको लिहू, ते गाव त्या जागंवर आता न्हाई, भूकंपानंतर सरकारनं दुसरीकडं वसवलं, नाव तेच दिलं, सरळ रस्ते, सारखी घरं, पण मला तिथं गेलं की चुकून दुसऱ्याच्याच घरात शिरल्यावाणी होतं. माझी आई पाच गावं फिरायची बांगड्या घेऊन, डोक्यावर हारा, त्याच्यात गवताच्या कांड्यात बांगड्या गुंडाळलेल्या, आणि मागं मी. आठ वर्षांची असताना पहिला हात धरला मी, एका तेलिणीचा होता, निबर हात, दगडावाणी. आई म्हणायची हाताकडं नको बघू, बाईच्या तोंडाकडं बघ, हात खोटं बोलतो, तोंड न्हाई बोलत. बांगडी भरताना काय असतं, काय सांगू तुला, चार बोटं तर जातात, खरी अडचण अंगठ्याच्या हाडापाशी. तिथं बांगडी अडती. मग हात दाबायचा, मळायचा, बाई कळवळती, हसती, शिव्या देती, माझ्या सासूला असं दाब म्हणती, आणि मग एक क्षण येतो, ती एकदम गप होती, श्वास धरती, हाड आत जातं आणि बांगडी सुळकन् पार. तो गप्प क्षण ओळखायचा. ज्या कासारणीला तो ओळखू येत न्हाई तिनं भाजी विकावी.

आणि दुसरी शिकवण होती ती आता माझ्या जिवावर आली, म्हून सांगते. बांगडी फुटली असं आम्ही म्हणत न्हाई. वाढली म्हणतो. आणि वाढली तर तिच्याकडं बाईची नजर थांबू द्यायची न्हाई. वल्ल्या फडक्यानं तुकडे टिपायचे, डब्यात टाकायचे, आणि बाईला कळायच्या आत त्या जागी तसलीच दुसरी भरायची. मोजायचं न्हाई, बोलायचं न्हाई, हाय हाय करायचं न्हाई. गिऱ्हाइकाच्या उंबऱ्यावर काचेचा तुकडा राहिला तर त्या घरी पुन्हा बोलावणं येत न्हाई. तुकडे पण फेकायचे न्हाईत, काच वितळवणाऱ्याला जातात, म्हून आमच्या प्रत्येक घरात तुकड्यांचा डबा असतो. आईचा होता, सासूचा होता, माझा हा बघ, बिस्किटाचा डबा हाय, झाकण नको उघडू, मग दाखवते.

तर लग्न होऊन या घरात आले. मालक गोलाईच्या बाजारात हातगाड्यावर बांगड्या विकायचे, मी घरी भरायची. दोन खोल्या, दगडमातीच्या भिंती, वर माळवद. माळवद म्हंजी तुला ठाऊक असंल, लाकडाचे सर, त्याच्यावर फळ्या, त्याच्यावर माती. दर साली पावसाच्या आधी पांढरी माती आणून वर पसरायची, म्हंजी गळत न्हाई. सासऱ्यानं पसरली, त्याच्या बापानं पसरली, माझ्या मालकानं पसरली, आणि जुनी कुणीच काढली न्हाई, काढायची असती हे कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई. सगळी गल्ली अशीच. वर बघ, तुझ्या डोक्यावर चार पिढ्यांची माती हाय. गल्लीत नवा माणूस आला तर म्हणतो काय थंडगार घर हाय हो मावशी. हाव, थडगं बी थंडगारच असतं, मी मनात म्हणते.

मालक गेले त्याला सात सालं झाली. लोक म्हणले आता कासारणीच्या हातात बांगडी कशी, मी म्हणले धंदा हाय, मोकळ्या हातानं दुसऱ्याचा हात कसा भरू, दोन काचेच्या ठेवल्या, ह्या बघ. पोरगी मीना नांदेडला दवाखान्यात आयाचं काम करते, एका खोलीत तिघं राहतात, ये म्हणते, कुठं येऊ, तिच्या चुलीवर झोपू? आणि ही भिंत माझ्या एकटीची असती तर गोष्ट निराळी. ती दोघांची हाय. हिकडं मी, तिकडं अजीजभाईचं फोटो फ्रेमचं दुकान, मागं त्यांचं घर, एकच भिंत मधी. ते माझ्या मालकाचे दोस्त, मला भाभी म्हणतात. गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून फ्रेमीत बसवायचे, खाली नाव घालायचं, जन्म कधी, मरण कधी, हे असं सुंदर अक्षर त्यांचं, लोक दुसऱ्या गल्लीतून यायचे नुसतं नाव लिहून घ्यायला.

भिंतीनं पोट काढलं मालक गेल्यावर. आधी मला वाटलं सारवण जाड झालं. मग त्याच्यावर खालपासून वरपर्यंत चीर पडली, वाकडी, हाताच्या नसवाणी. गवंड्याला दाखवली, तो बाहेरूनच बोलला, मावशी आधी टेकू द्या, सगळी माती उतरवा, मग भिंत सोडवून नव्यानं बांधा, टेकूबिगर मी वर पाय ठेवणार न्हाई. ते करायचं कशावर? चुड्यावर?

तवा ते अनुदान निघालं. रिक्षावर भोंगा लावून सांगत फिरले, जुन्या वस्तीतल्या गरीब घरांना दुरुस्तीला मदत, धोकादायक घर असंल त्याला आधी. अजीजभाईनं दोघांचा मिळून अर्ज लिहिला, भिंत सामाईक हाय म्हून. आम्हाला मागायचं काय होतं, वाडा न्हाई, फरशी न्हाई. वरची माती उतरवा आणि ही एक भिंत नवी बांधून द्या. एवढंच. आज बी एवढंच मागून राहिलो.

उन्हाळ्यात साहेब आला. तरुण, घामाघूम, तोंडाला रुमाल. वाईट माणूस न्हाई हां, पाणी दिलं तर तांब्या स्वतः परत आणून ठेवला. ओळंबा सोडला भिंतीवरून, पोट मोजलं, चिरीत बोट घालून बघितलं. मग पिशवीतून काचेच्या तीन पट्ट्या काढल्या, बोटाएवढ्या रुंद, आणि चिरीवर आडव्या चिकटवल्या, एक वर, एक मधी, एक खाली, दोन्ही बाजूंना पांढऱ्या लेपाचे गोळे लावून. काचेवर काळ्या पेनानं तारीख टाकली. भिंतीच्या अंगावर काच. मी कासारीण, मला नवल वाटणारच. मी विचारलं साहेब हे कशासाठी? तो म्हणला ते आमच्या कामाचं हाय मावशी, तुम्ही बांगड्या भरा, मी पावसाळ्यात पुन्हा बघायला येईन.

बस. एवढंच बोलला. अजून एक वाक्य बोलला असता तर त्याच्या तोंडातली लाळ सुकली असती का? दहावी नापास असले तरी मला कळलं असतं. हे ठळक लिही.

पाऊस लागून पंधरा दिवस झाले असतील. माळवद पाणी पिऊन फुगलेलं. दुपारची वेळ, ऊन पडलेलं, समोरच्या घरची नवी सून बांगड्या भरायला बसली होती, हितंच, तू बसलास त्याच्या जरा पुढं. तिचा हात माझ्या मांडीवर. दोन-सहा मापाचा हात, मऊ, चार गेल्या होत्या, पाचवी अंगठ्याच्या हाडापाशी. आणि टिच् झालं. तो आवाज मी झोपेत बी ओळखीन, मनगटावर काच चिरते त्याचा. पोरीनं हात ओढून घेतला, मी बी बघितलं, तिच्या हातातल्या पाची शाबूत. माझ्या दोन बघितल्या, शाबूत. मांडीवरचा ढीग बघितला. पोरगी म्हणली काकी, कुणाची वाढली? खोलीत आम्ही दोघीच. दोघींनी मिळून मान वळवली ती भिंतीकडं. मधल्या काचंला इतकुसा बारीक तडा गेला होता, आणि आम्ही बघत असतानाच तिचा एक तुकडा सुटला आणि खाली पडला.

माझा हात आपला आपण गेला. वल्लं फडकं, टिपलं, डब्यात टाकलं, पोरीला म्हणले काही न्हाई गं, जुनी काच होती, आण तो हात हिकडं. पोरीनं हात दिला न्हाई. उभ्यानंच गेली, आणि पुन्हा माझ्या घरात पाऊल टाकलं न्हाई तिनं, ओट्यावर बसून भरते आता.

मी फडकं पिळता पिळता विचार करून राहिले. सरकारी वस्तू माझ्या घरात फुटली, साहेब येऊन विचारंल, मावशी एवढी सांभाळता आली न्हाई? आणि फुटकी काच घरात नजरंसमोर ठेवायची म्हंजी आमच्या हाताला ते जमतच न्हाई. अजीजभाईकडं गेले. ते हिरकणीनं काच कापतात. म्हणले एक पट्टी द्या, एवढी एवढी. त्यांनी दिली, पांढरं सिमेंट बी दिलं. जुन्या तुकड्यावर तारीख होती, ती बघून नव्या काचेवर तीच तारीख काढून दिली, साहेबाच्या अक्षरातला सात कसा डोकं वाकवल्यावाणी होता, तो पण तसाच. मरणाच्या तारखा लिहून लिहून हात बसलेला.

आठ दिवसांनी खालची. मग पुन्हा मधली. मग वरची. दर वेळी दुपारी दोन ते तीनच्या मधी, दर वेळी तोच आवाज, आणि दर वेळी मी फडकं घेऊन. चौथ्या पट्टीला अजीजभाई हसले, म्हणले भाभी, घराला बांगड्या भरून राहिल्या काय? मी म्हणले हाव, हात निबर हाय तिचा, बसंना झाल्यात. आम्ही दोघं लई हसलो त्या दिवशी.

मग हसू गेलं. कारण असं बघ, तो आवाज नुसता काचेचा न्हाई. त्याच्या आधी एक दबका आवाज येतो, आतून, दगडाच्या आतून, जसा हात मळताना हाडाचा येतो ना, तसा. मला वाटायला लागलं भिंतीत कुणीतरी बाई हाय. तिचा हात मोठा हाय आणि कुणीतरी तिला लहान बांगडी भरून राहिलंय, रोज, जेवण झाल्यावर, आणि ती हात सोडवून राहिली. मी कुणाला बोलले न्हाई. अजीजभाईला एवढंच विचारलं, तुमच्याकडं काही होतं का हो दुपारचं? ते मला दुकानात घेऊन गेले. त्या भिंतीला त्यांच्या फ्रेमी टांगलेल्या, लोकांनी अजून न्यायच्या राहिलेल्या, वीस-बावीस गेलेली माणसं. म्हणले भाभी, सकाळी मी सगळ्या सरळ करतो. दुपारी बघा. मी बघितलं. सगळी माणसं एकाच बाजूला कलली होती, थोडी थोडी, दाराकडून माझ्या चुलीच्या बाजूला, जशी माणसं भिंतीला कान लावायला वाकतात. अजीजभाई म्हणले तुमच्याकडं काय शिजलंय ते ऐकून राहिले. पण त्यांनी दुसऱ्या दिवसापासून दुपारचं शटर ओढायला सुरुवात केली.

तर भाद्रपद आला. महालक्ष्म्यांच्या आधी आमचा सीझन, दम घ्यायला फुरसत न्हाई, देवीला बी बांगड्या लागतात. जेवणं झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब येणार असा निरोप आला. मी काय केलं सांगू? घर सारवलं. काचा पुसल्या पदरानं, तिन्ही. चमकत होत्या. साहेब आला, वरच्या काचेकडं बघितलं, मधल्या, खालच्या, तारीख बघितली, आणि म्हणला वा मावशी, एक बी तडा न्हाई. मी म्हणले न्हाई साहेब, डोळ्यात तेल घालून सांभाळल्यात. पोरा, मी हे असं बोलले, या तोंडानं, आणि मान वर करून बोलले. त्यानं लिहिलं आणि गेला. मी गुळाचा खडा अजीजभाईच्या हातावर ठेवला, म्हणले झालं काम.

पंधरा दिवसांनी कागद आला. अजीजभाईनं चष्मा लावून वाचला. काच शाबूत आहे. भिंत स्थिर. धोकादायक वर्गात बसत नाही, अनुदानास अपात्र. त्यांनी दोनदा वाचला, मग चष्मा काढला, आणि दुकानाच्या पायरीवर बसले.

भाभी, ते म्हणले, ती काच फुटण्यासाठीच लावली होती.

मला आधी समजंना. मग त्यांनी समजावलं, भिंत हलली की चीर ताणती, चीर ताणली की काच तुटती, काच तुटली की सरकारला कळतं घर पडाया आलंय. काच ही त्या भिंतीची जीभ होती. ती बोलून राहिली होती, रोज दुपारी, ओरडून सांगून राहिली होती, आणि दर वेळी मी जाऊन तिचं तोंड पुसून आले. आणि अक्षर माझं, अजीजभाई म्हणले. मीच लिहिली तारीख. आम्ही दोघं तिथं बसलो, कोण कुणाला दोष देणार.

मी डबा घेतला. हा डबा. आता उघड, बघ. हिरवे, लाल तुकडे बांगड्यांचे, आणि हे साधे पांढरे, चपटे, हे भिंतीचे. अकरा पट्ट्यांचे हायत, मी जुळवून मोजले. काहींवर तारखेचे आकडे हायत, हा बघ अर्धा सात. हा डबा घेऊन आम्ही दोघं कचेरीत गेलो, तीनदा परत पाठवलं, चौथ्यांदा साहेब भेटला. मी सगळं सांगितलं, काही लपवलं न्हाई, माझी चूक माझी म्हून सांगितली, आणि डबा त्याच्या टेबलावर उपडा केला. तो मागं सरकला. म्हणला मावशी, कागद हायत हितं, काच नका टाकू. मग म्हणला फुटकी काच कुणी बी फोडून आणंल, ह्याचा पुरावा होत न्हाई. न फुटलेल्या काचेचा पुरावा होतो, फुटलेलीचा न्हाई, ऐक हे. आणि म्हणला, तुम्ही स्वतः बदलली असं लिहून दिलं तर उलट तुमच्यावरच येईल, सरकारी तपासणीत हात घातला म्हून. तवा गुमान राहा, नवा अर्ज करा, नवी काच लावू, पण अर्जाची मुदत संपली, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळी कधी? वरून आदेश आला की.

तवा मी त्याला ते सांगितलं जे मी कुणाला सांगत न्हाई. भूकंप झाला तवा आई माझ्याकडं आलेली होती, हितं, लातूरला, म्हून वाचली. दोन दिवसांनी तिला गावाकडून बोलावणं आलं. कासारणीला घेऊन या. मी बी गेले संगं. शाळंच्या पटांगणात उन्हात चादरी टाकल्या होत्या आणि चादरीतून नुसते हात बाहेर काढून ठेवले होते. बाकीचं बघण्यासारखं न्हवतं. आणि आईला म्हणले, बाई, सांग कुणाचा हात हाय. नुकतेच महालक्ष्म्यांचे चुडे तिनं भरले होते सगळ्यांना. ती एकेका हातापाशी बसली, हात मांडीवर घेतला, जसा भरताना घेते तसाच, आणि नाव सांगत गेली. ही पाटलाची थोरली. ही कोळ्याची गंगू, हिला मी लाल दिल्या होत्या. आणि साहेब, मी म्हणले, त्यातल्या कितीक बांगड्या शाबूत होत्या. माणूस दगडाखाली गेलेलं, चेहरा गेलेला, आणि हातात काच शाबूत, उन्हात चमकून राहिलेली. आईनं त्या दिवसापासून लाल बांगडी विकली न्हाई. काच शाबूत म्हंजी माणूस शाबूत, हे तुमच्या कोणत्या पुस्तकात लिहिलंय?

त्यानं टेबलावरचे तुकडे पट्टीनं गोळा करून डब्यात लोटले, झाकण लावलं, आणि डबा माझ्याकडं सरकवला, पेनाच्या टोकानं, हात न लावता. मला वाटतं त्याला भीती वाटली. मला बरं वाटलं त्याला भीती वाटली म्हून, पण भीतीनं आदेश निघत न्हाई.

दिवाळीपासून आम्हीच काचा लावल्या. आता फुटली की तशीच ठेवतो, तिच्या शेजारी नवी लावतो. अजीजभाई येतात, बाजूला भिंतीवर तारीख लिहितात, त्याच सुंदर अक्षरात, बघ, ही सगळी ओळ, जसं एखाद्याच्या फोटोखाली लिहावं. आयुष्यात पहिल्यांदा फुटलेलं डोळ्यांसमोर ठेवून राहते मी, अजून हात फडक्याकडं जातो, मी हात मांडीखाली दाबून बसते. गिऱ्हाईक आत येत न्हाई, ओट्यावरच भरते. मीना रोज फोन करते, आई हायस का, एवढंच विचारते, कशी हायस विचारत न्हाई. हायस का.

आणि आता जे सांगते ते नीट ऐक. आज आठवा दिवस, भिंत बोलली न्हाई. वैशाखाचं ऊन, वर माळवद तापतंय, आणि दोन वाजतात, तीन वाजतात, काही न्हाई. शेवटची लावलेली मधली काच, ही, बघ, शाबूत. परवा अजीजभाई आले, म्हणले भाभी, माझ्या फ्रेमी बी सरळ हायत सहा दिवस, एक बी वाकली न्हाई. गल्लीतली माणसं म्हणतात चला, बसली भिंत, देवानं ऐकलं. अजीजभाईनं माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. पन्नास सालं हात धरून राहिले मी बायांचे. कळवळती, शिव्या देती, हात ओढून घेती, तोवर बांगडी अडलेलीच असते. मी तुला मघा सांगितलं, ऐन हाडापाशी आलं की बाई गप होती. श्वास धरती.

ही आता गप हाय.

मृगाला किती दिवस राहिले ते तूच बघ कॅलेंडरात. भिजल्यावर वरची माती दुप्पट होती. साहेब कालच्याला आला असता तर काच बघून पुन्हा तेच तीन शब्द लिहून गेला असता, आणि नियमानं त्याचं बरोबर असतं.

आमच्यात चुडा भरून झाला की बाई वाकून नमस्कार करती आणि कासारीण म्हणती, भरल्या हातानं राहा. हे जे कोण वाचून राहिले त्यांना बी मी तेच म्हणते, भरल्या हातानं राहा, भरल्या घरानं राहा. पण नुसतं वाचून चुकचुकू नका, चुकचुक आमच्या गल्लीत लई हाय. मृगाच्या आत चुना गल्लीत या. एकटे नका येऊ, त्या कचेरीतनं साहेबाला संगं घेऊन या, न्हाई म्हणला तर त्याच्या टेबलापाशी बसा, उठू नका. त्याला या खोलीत आणा, दुपारी दोन वाजता. आणि मी आजवर कुणाला बसू दिलं न्हाई तिथं, त्या भिंतीला पाठ टेकवून त्याला बसवा, आणि तुम्ही त्याच्या शेजारी बसा. तीन वाजेपर्यंत. मग त्याच्या हातात कागद द्या आणि म्हणा, आता लिही, स्थिर हाय का.